येतो न म्हणता

त्या रविवारी सकाळी गिरिजाबाईंनी आरशासमोर उभे राहून कपाळावर कुंकू टेकवले, तेव्हा त्यांची नणंद अंबुबाई स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहत होती. बोलायचे ते तिने गावाहून आल्या दिवशीच बोलून घेतले होते. भाऊ जाऊन महिना उलटला, आणि त्याच्या नावाचे कुंकू रोज सकाळी लावायचे नि रोज रात्री पुसायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते, असे तिने विचारले होते. गिरिजाबाईंनी त्यावर उत्तर दिले नव्हते. उत्तर पलीकडच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, भिंतीला पाठ टेकून बसलेले होते.

बजाबाई म्हणजे गिरिजाबाईंच्या सासू. करमाळ्याजवळच्या आपल्या गावी राहणाऱ्या. छातीत कळ आली म्हणून थोरल्या मुलाने, मानसिंगने, त्यांना सोलापूरला आणून दवाखान्यात ठेवले. ऑपरेशन झाले, दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, आणि त्याच दिवशी दुपारी मानसिंग गेला. भवानी पेठेतल्या, जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून देण्याच्या आपल्या दुकानात, कामाच्या टेबलाशी, बसल्या बसल्या. डॉक्टरांनी नातवाला, उदयसिंहला, बाजूला घेऊन सांगितले की एवढ्यात हा धक्का आजींना सोसणार नाही. कसेही करून थोडे दिवस काढा.

तेव्हापासून ते घर एका खोट्यावर उभे होते. मानसिंग सुरतेला गेला आहे. तिथल्या एका कारखान्यातल्या जळालेल्या मोटारी भरायच्या आहेत. काम अर्धे टाकून येता येत नाही. फोन येतो, पण नेमका आई झोपलेली असताना येतो. दहाव्याला केस उतरवलेल्या उदयसिंहच्या डोक्यावरून हात फिरवत आजीने विचारले, तेव्हा तो म्हणाला की तुझ्यासाठी तिरुपतीला नवस बोललो होतो. आजीने त्याचे डोके छातीशी धरले आणि नातवाचे कौतुक शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात केले. तो गच्चीवर गेला तो बराच वेळ खाली आला नाही.

बापाचे जुने निरोप त्याच्या फोनमध्ये बापाच्याच आवाजात होते. आई जेवली का, औषध घेतलं का, असली विचारपूस. त्यातला एखादा आजीला ऐकवावा असे त्याने सुचवले. गिरिजाबाईंनी सगळे मान्य केले होते, एवढ्या एका गोष्टीला नाही म्हटले. खोटे बोलायचे तर आपल्या तोंडाने बोलू, त्यांच्या तोंडाने नको, एवढेच त्या म्हणाल्या.

पण दुखवट्याला येणारी माणसे थोपवायची तरी किती? सुरुवातीला लोक दुकानाच्या ओट्यावरच भेटून गेले. बजाबाई घरी आल्यावर तेही अवघड झाले, कारण खिडकीतून दुकानाचा ओटा दिसे. गावाकडून निरोपावर निरोप येऊ लागले. शेवटी धाकटे दीर सयाजी यांनी तोड काढली. आजारी माणसाला बघायला चार माणसे येतातच; तर सगळ्यांनी एकाच दिवशी, बजाबाईंना बघायला म्हणून यावे. मानसिंगची आठवण खुशाल काढावी, पण तो सुरतेला आहे असे धरून काढावी. ज्याला रडायचे असेल त्याने जिन्यात रडून घ्यावे आणि मग वर यावे.

म्हणून त्या रविवारी उदयसिंह जिन्याच्या तोंडाशी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला दबक्या आवाजात पढवत होता. बायकांनी पदर तोंडाला लावायचा नाही. पुढ्यात चहा आला तर तो प्यायचा. दुकान कोण बघतंय, असे विचारायचे नाही. आणि आईच्या कपाळाकडे बघत राहायचे नाही.

गिरिजाबाई सासूच्या खाटेला लागून बसल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईने शिकवल्यापासून हात चेपण्याच्या निमित्ताने त्या सासूच्या मनगटावर दोन बोटे ठेवीत. नाडी काय सांगते ते त्यांना पुरते कळत नसे. ती चालू आहे एवढे कळले तरी पुरे होई. उन्हाळा चढलेला होता. वरचा पंखा गरम वारा खाली ढकलत होता. खोली माणसांनी भरली, आणि कोणालाच सुरुवात करता येईना. एकमेकांच्या पायांकडे पाहत सगळे बसून राहिले.

बजाबाईंनीच कोंडी फोडली. "मला बघाया आलाय का मुकं बसाया? म्या अजून मेली न्हाय."

कोणीतरी हसले आणि ते हसू जरा जास्तच मोठे झाले. सयाजींनी घसा साफ करून दादाच्या लहानपणची गोष्ट काढली. गावात पहिला भोंगा आला तो एका लग्नाच्या निमित्ताने. बैलगाडीतून तो उतरवला, तेव्हा त्याच्यात माणूस कुठे बसतो हे बघायला मानसिंगने तो लग्नाच्या आदल्या दिवशीच खोलला. परत जोडला खरा, पण जोडून झाल्यावर एक चकती हातात उरली. ती त्याने चड्डीच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना भटजींनी तोंड उघडले आणि भोंग्यातून नुसती गिरणीसारखी घरघर.

"वऱ्हाडी म्हणालं, दळण घिऊन येऊ का," सयाजी म्हणाले.

खोली हसली. बजाबाई पदराने डोळे पुसत हसल्या. पुढचे आपल्याला सांगू द्या, म्हणाल्या. नवरदेवाचा बाप काठी घेऊन घरी आला, मागून मानसिंगचा बाप. "म्या पोराला कडब्याच्या गंजीत दडवला. आन् भाईर यिऊन म्हणलं, त्यो करमाळ्याला गेलाय मामाकडं. हे आसं तोंड करून." त्यांनी ते तोंड करून दाखवले. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर एक थंड, निष्पाप, काही ठाऊक नसलेला भाव आला. गिरिजाबाईंना वाटले, हा चेहरा आपण गेले महिनाभर रोज आरशात पाहतो आहोत.

"मग सापडला का?"

"कुटला सापडतोय. दोन दिस भाकरी गंजीत नेऊन दिली की."

अंबुबाई हसता हसता थांबली. तिच्या घशातून एक वेगळाच आवाज निघाला आणि तिने पदर तोंडाकडे नेला. बोटांखालची नाडी गिरिजाबाईंना आता स्पष्ट लागत होती.

"का गं?" बजाबाईंनी विचारले.

"दादाची आठवण आली."

"मग? सुरत म्हंजी काय विलायत हाय व्हय? यील की."

सयाजींनी चहा आणायला सांगितला. सगळ्यांनी तो पढवल्याप्रमाणे घेतला. कढत असूनही भराभर घेतला.

मग बजाबाईंनी सुनेकडे वळून फर्मान सोडले की लग्नातले ते तू सांग. गिरिजाबाईंनी टाळून पाहिले, पण सासूबाई ऐकेनात. तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या खुंटीकडे बघत त्यांनी सांगितले. करमाळ्याला लग्न. अंतरपाट धरलेला, हातात हार, आणि नेमका जनरेटर बंद पडला. कोणी म्हणे वायर, कोणी म्हणे डिझेल. अंतरपाट खाली आला तेव्हा पलीकडे नवरदेव नव्हता. मुंडावळ्या मागे टाकून तो मांडवाच्या पाठीमागे जनरेटरपाशी उकिडवा बसला होता. दिवे आले, तो धावत आला आणि तशाच काळ्या हातांनी हार घातला. शालूच्या खांद्यावर ऑइलचा डाग पडला तो आजही आहे. धोब्याकडून दोनदा आणला, गेला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी देऊच दिला नाही. म्हणाले, राहू दे, माझी सही आहे.

बोलता बोलता आपण हसतो आहोत, हे गिरिजाबाईंच्या ध्यानात आले आणि त्या दचकल्या. महिनाभरात या घरात त्यांच्या माणसाबद्दल कोणी एक वाक्य धड बोलले नव्हते. बोलायचे ते सुरतेबद्दल. आज तो भोंग्यातून, जनरेटरमधून परत खोलीत येऊन बसला होता. आणि त्याच्यासाठी एकदाही रडायचे नव्हते. त्यांनी ओठ आतून दाताखाली धरले.

बसप्पाची पाळी आली तेव्हा वातावरण सैलावले होते. बसप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा. भवानी पेठेत मागच्या गल्लीत त्याचे चार यंत्रमाग. मागाची मोटार जळाली म्हणून तो मानसिंगकडे प्रथम आला, आणि पुढे मोटार न जळताही रोज येऊ लागला. बजाबाईंना तो कानडीत आईला म्हणतात तसे अव्वा म्हणे. त्याने सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतली हकिकत काढली. बायकोला घेऊन तो आकाशपाळण्यात बसला, पाळणा फिरला आणि यांची बैठक अगदी वर टोकाला असताना बंद पडला.

"मी वरनं कानडीत शिव्या घालालोय, अव्वा, आणि हा मान्या खालनं विचारतोय, तुला किती भजी ठेवू? म्हणला, तळं बघून घे निवांत, परत एवढा वेळ मिळत नाही. भजी संपवली, हात पुसले, मग गेला मोटारीकडं. माझी बायको अजून त्याच्याशी नीट बोलत नाही."

"तिला म्हणावं, आल्यावर भांड त्याच्याशी," बजाबाई म्हणाल्या.

"सांगतो की." बसप्पा हसला. हसण्याच्या भरात तो पढवलेले विसरला असावा. "आणि तुमचा तो पंखा, अव्वा. गावाकडचा, लोखंडी. त्या दिवशी दवाखान्यातनं आला तो तोच घेऊन बसला. म्हणला, आईला ह्या नव्या पंख्यांचा वारा लागत नाही, घरी आली की हाच लावायचा. दुपारपर्यंत तार भरली. बटन दाबलं. फिरला की हो झकास. आणि मान्या म्हणाला..."

तो थांबला.

गिरिजाबाईंनी मान वर केली. त्या दिवशी. शेवटच्या दुपारी त्यांच्या नवऱ्याच्या हातात कोणते काम होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. शेवटी तो काही बोलला होता, हे तर त्यांना आत्ताच कळत होते. बसप्पाचे डोळे त्यांच्याकडे वळले. त्या डोळ्यांत पाणी येऊ पाहत होते आणि तो ते अडवू पाहत होता.

"काय म्हणाला?" बजाबाईंनी विचारले.

"म्हणाला... झालं काम."

"मग आणला न्हाय त्यो पंखा?"

"सुरतेची घाई झाली की, अव्वा."

बजाबाईंनी मान हलवली. सयाजींनी उठायची खूण केली. आता अधिक ताणण्यात अर्थ नव्हता. माणसे उठू लागली. शेजारच्या मावशी उठल्या, गिरिजाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली मान घालून बाहेर पडल्या. गावाकडचे दोघे भाऊबंद उठले, बजाबाईंना हात जोडले आणि चपला पायात सरकवून जिन्याला लागले. मागोमाग एक जुने गिऱ्हाईक गेले. सगळे सुखरूप पार पडत होते. गिरिजाबाईंनी महिनाभरात प्रथमच मोकळा श्वास घेतला.

बजाबाईंचे हसू मात्र मावळले होते. त्या जाणाऱ्या प्रत्येकाला दारापर्यंत नजरेने पोचवत होत्या, आणि दर खेपेला त्यांची नजर दारात क्षणभर रेंगाळत होती, जणू तिथे काही मागे राहायला हवे होते आणि राहिले नव्हते.

शेवटी बसप्पा उठला. दारात त्याने चपलेत एक पाय घातला.

"बसप्पा."

"काय, अव्वा?"

"तसाच चाललास? येतो म्हण की."

बसप्पा तिथेच थिजला.

उदयसिंहने सगळ्यांना सगळे पढवले होते. हे मात्र त्याच्या ध्यानात आले नव्हते, आणि ज्यांना पढवले त्यांच्याही नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना कोणी येतो म्हणत नाही, आणि घरचेही या म्हणत नाहीत. तसल्या कारणाने पुन्हा या उंबऱ्यावर येणे न होवो, म्हणून. ही गोष्ट कोणी कोणाला शिकवलेली नसते. ती जिभेला ठाऊक असते. सकाळपासून सगळ्यांनी हसून दाखवले, चहा पिऊन दाखवला, आणि जाताना प्रत्येक जण मुकाट गेला होता. गिरिजाबाईंनीही एकालाही या म्हटले नव्हते.

बसप्पाने त्यांच्याकडे पाहिले. आता त्यांनी नुसती मान हलवली असती तरी त्याने तो शब्द उच्चारला असता. एका शब्दाने सुरत टिकली असती. पण शब्द म्हटला तर तो या घरात कशासाठी परत येणार, कोणासाठी? त्यांची दोन्ही बोटे ज्या मनगटावर होती, त्या मनगटाकडे त्यांनी पाहिले. म्हणू द्यावे तर भीती, आणि न म्हणू द्यावे तरी भीती. त्यांची मान हलली नाही.

"न्हाय म्हणवत न्हवं?" बजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळपास्नं एकालाबी म्हणवलं न्हाय. मला बघाया आल्याली मान्सं आसती तर येतो म्हणून उठली आसती." त्या सुनेकडे वळल्या. "तूबी कुनाला या म्हणाली न्हाईस, गिरजा."

गिरिजाबाई खाली बघत राहिल्या.

"कवा?"

गिरिजाबाईंच्या मनात सुरत एकदा येऊन गेली. मग त्या म्हणाल्या, "तुमी दवाखान्यात हुता तवा, आत्या. आपरेशनच्या दुसऱ्या दिशी." इतकी वर्षे शहरात राहूनही त्यांच्या तोंडून त्या घडीला गावाकडचीच बोली आली.

"म्हंजी म्या डोळं उगडल्यालं बघितलं त्यानं."

"बघितलं. तुमाला बघूनच दुकानात गेलं ते."

नाडी एकदम उसळली, मग चुकली, मग बोटांना लागेचना. गिरिजाबाईंनी उदयसिंहला हाक मारली. तो जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन धावला. बजाबाईंनी मुकाट्याने तोंड उघडले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर घाम फुटला होता. सयाजी रिक्षा आणायला निघाले, तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच बजाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. गिरिजाबाई बोटे दाबून नाडी शोधत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने ती सापडली. बारीक होती. पण होती.

अंबुबाईने इतका वेळ धरून ठेवलेला हंबरडा आता फोडला. रडत रडतच ती पुढे आली आणि तिचा हात भावजयीच्या कपाळाकडे गेला.

"अंबे," बजाबाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. ते कसे दिसले कोण जाणे. "हात खाली घे. तिचं ती बगंल."

हात खाली आला. बजाबाईंनी नातवाला जवळ बोलावले, त्याच्या डोक्यावर उगवलेल्या खुंटांवरून तळवा फिरवला. "तिरपतीला न्हाय गेलास तर," एवढेच म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी आपल्या भोवतीच्या माणसांकडे पाहिले. रागाने पाहतील असे गिरिजाबाईंना वाटले होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता.

"म्या म्हणलं करमाळा. तुमी म्हणला सुरत," त्या म्हणाल्या. "माजा तरी दोन दिसांनी गंजीतनं भाईर आला."

आता मात्र गिरिजाबाईंना आवरेना. पण बजाबाईंनी मनगट सोडवून उलट त्यांचाच हात धरला आणि दाराकडे पाहिले. बसप्पा एक पाय चपलेत नि एक बाहेर, तसाच उभा होता.

"हिकडं ये. पंख्याचं अर्धं सांगून निघालास. मान्या काय म्हणाला?"

बसप्पाने पायातली चप्पल काढली. तो खाटेपर्यंत आला नाही. उंबऱ्यालगत भुईवर बसला. त्याने गिरिजाबाईंकडे पाहिले आणि या वेळी त्यांनी मान हलवली.

"म्हणाला, बसप्पा, जरा सरक की, वारा माझ्या अंगावर येऊ दे. मी सरकलो. खुर्ची पंख्यासमोर घेतली त्यानं आणि डोळे मिटले. मला वाटलं, दवाखान्यात जागून जागून दमलाय. झोपू दे. दोन माणसं आली, त्यांना मी हातानंच म्हटलं, नंतर या." त्याला पुढे सांगवेना. त्याने बाहीने डोळे पुसले. "बराच वेळ तसा बसला होता, अव्वा. आम्हाला झोपच वाटली."

"पंखा चालू हुता?"

"चालू होता."

"वारं लागत हुतं त्याला?"

"लागत होतं की. केसं उडत होती त्याची."

बजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्यांनी सुनेच्या हातातला हात काढला नाही. गिरिजाबाईंनी खाटेच्या कडेवर कपाळ टेकवले. कुंकू चादरीला लागले असेल, हे त्यांच्या मनात आले आणि गेले.

"त्यो पंखा आण," बजाबाई बसप्पाला म्हणाल्या. "हितं लाव."

बसप्पा उठला. उंबऱ्याबाहेर पडून तो वळला, काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडले आणि न म्हणताच मिटले. मग त्याची पावले जिन्यावरून भराभर उतरत गेलेली ऐकू आली. गिरिजाबाईंनी डोके उचलून दाराकडे पाहिले. बाहेर ऊन मी म्हणत होते, आणि त्याच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या.